आधी कोणाचे काम?

सकाळी कारखान्याची बस कळंबोलीच्या सर्कलवर अडकलेली असते आणि फोन वाजू लागतात. प्रॉडक्शनवाला विचारतो, ड्रमांचे काय झाले? स्टोअरमधून निरोप येतो, गाडी गेटवर उभी आहे पण चलनावर पीओ नंबर नाही. न्हावा शेव्याचा क्लिअरिंग एजंट सांगतो, कंटेनरचे फुकटचे दिवस उद्या संपतात, मग भाडे चढेल. तळोजा एमआयडीसीत खरेदी खात्यात आमची अठरा वर्षे अशी गेली. पनवेलच्या पुष्कळ घरांतली मुले आज तळोजा, पाताळगंगा, रसायनीला हीच नोकरी करतात. जेवताना फोन घेतात आणि अम्मीची बोलणी खातात. म्हणून या वेळी त्यांच्याविषयी.

नवे होतो तेव्हा आमचा एकच नियम होता: जो मोठ्याने ओरडेल त्याचे आधी. ओरडणारे नसतील तेव्हा मोठ्या रकमेचे आधी. एकदा पंपाच्या सीलची मागणी चार दिवस टेबलावर पडून राहिली. तीन हजारांच्या आतली वस्तू, म्हणून लाखांच्या ऑर्डरींखाली गेली. पंप गळू लागला, बदली सील नव्हते, प्लान्ट दीड दिवस बंद. साहेबांसमोर उभे राहिलो तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही.

स्टोअरच्या बुजुर्ग चाचांनी नंतर समजावले. किमतीनुसार माल लावणे ही एबीसी वर्गवारी. तिच्या जोडीला व्हीईडी हवी: व्हायटल, इसेन्शियल, डिझायरेबल, म्हणजे ज्यावाचून काम थांबते, ज्यावाचून अडते आणि ज्यावाचून चालते. इस्पितळांच्या औषध भांडारातही ही रीत वापरतात. स्वस्त औषध संपले म्हणून रोगी थांबत नाही.

तेव्हापासून संगणक उघडण्याआधी वीस मिनिटे कागद घेऊन बसतो. प्रत्येक कामापुढे लिहितो, हे आज झाले नाही तर काय थांबेल आणि कधी? साठा बारा दिवसांचा आणि माल यायला पंधरा दिवस लागत असतील, तर ते काम आजचे पहिले, मग त्यासाठी कोणी फोन करो वा न करो. ड्रमांसाठी ओरडणाऱ्याकडे पाच दिवसांचा साठा आणि गाडी परवा येणार असेल, तर त्याला तारीख सांगायची आणि मोकळे व्हायचे. निम्मे फोन तारखेसाठीच असतात. कोटेशनांचा तक्ता दुपारी, फोन थंडावल्यावर. जोहरच्या नमाजला उठतो तेव्हा फोन टेबलावरच राहतो. त्या पंधरा मिनिटांत कारखाना बंद पडलेला आम्ही अजून पाहिला नाही.

पण या कागदावर एक माणूस बरीच वर्षे नव्हता, कारण तो कधीच ओरडला नाही. पनवेलचा एक लेथवाला, दोन कामगारांचा गाळा, आमच्या पंपांच्या बुशी बनवतो. एका रमजानमध्ये, ईदला चार दिवस असताना, तो येऊन बाहेरच्या बाकावर तासभर बसला. चहा घेणार का विचारले तर म्हणाला, ‘रोजा आहे भाई.’ त्याचे बिल दोन महिने अडले होते. तपासणीच्या कागदावर एक सही राहिली होती आणि तो कागद आमच्याच टेबलावर होता. कामगारांना ईदी दूरच, पगार द्यायला त्याच्याकडे पैसे नव्हते.

कायदा त्याच्या बाजूने आहे. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे छोट्या उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर 15. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज. 2023 च्या वित्त कायद्याने तर मुदत चुकवलेल्या रकमेची वजावट, पैसे दिल्या वर्षीच मिळेल असे केले, तेव्हापासून अकाउंट्सवालेही आमच्यामागे लागतात. पण पाच माणसांच्या पोटासाठी गिऱ्हाइकाशी कज्जा कोण करतो? त्याचा कागद आम्हीच हलवायचा असतो. गुरुवारची दुपार आम्ही अडलेल्या बिलांना दिली आहे. त्या वेळी ड्रमवाल्याचाही फोन घेत नाही.

लेथवाला आता बाकावर बसत नाही. माल गेटवर उतरवून जातो. मागच्या महिन्यात मात्र त्याने आमच्या खात्यातल्या नव्या पोराला स्वतःहून फोन केला, ‘बेटा, बुशी संपत आल्या असतील, स्टोअरला विचारून घे.’ दोनच शिल्लक होत्या.