व्हेपची ‘नुसती वाफ’ आणि घरातली माऊ

गेल्या महिन्यात २६ वर्षांचा एक मुलगा खोकला घेऊन आला. सोबत आई होती. "सिगरेट ओढतोस का?" विचारलं, तर "कधीच नाही" असं ठाम उत्तर मिळालं. आई रिपोर्ट आणायला बाहेर गेली, तेव्हा आवाज खाली आला. "डॉक्टर, व्हेप करतो. पण त्यात धूर नसतो, नुसती वाफ असते. आणि कुणाला त्रास नको म्हणून माझ्याच खोलीत, दार लावून करतो."

"खोलीत तुझ्याबरोबर कोण असतं?"

"कुणीच नाही. म्हणजे, आमची माऊ असते. ती माझ्याच पलंगावर झोपते."

हे ‘कुणीच नाही, म्हणजे माऊ असते’ मी त्यानंतर विसरू शकलेलो नाही. म्हणून आजचा लेख. मी माणसांचा डॉक्टर आहे, पशुवैद्य नाही. तुमच्या मांजराला काय झालंय हे मी सांगू शकणार नाही, आणि सांगूही नये. पण निकोटिन काय करतं, फुप्फुसात काय जातं आणि ‘सुरक्षित’ हा शब्द कधी वापरावा, एवढं मला नक्की कळतं. त्या जोरावर मी स्पष्ट सांगतो: घरात पाळीव प्राणी असताना व्हेप ओढणं सुरक्षित आहे असं म्हणायला कुणाकडेही आधार नाही. जे म्हणतात ते एकतर विकणारे असतात, नाहीतर स्वतःची समजूत घालणारे.

‘वाफ’ हा शब्दच फसवा आहे

चहाच्या पातेल्यावरची वाफ म्हणजे पाणी. व्हेपमधून निघतो तो अतिसूक्ष्म थेंबांचा फवारा. वैद्यकीय भाषेत त्याला एरोसॉल म्हणतात. त्यात प्रोपिलिन ग्लायकॉल आणि ग्लिसरिन हे दोन मुख्य द्रव असतात, बहुतेक वेळा निकोटिन असतं आणि वासासाठी घातलेली रसायनं असतात. हे सगळं तापलेल्या तारेवरून जाताना फॉर्माल्डिहाइड, ॲक्रोलिनसारखे फुप्फुसाला झोंबणारे पदार्थ तयार होतात. तारेतल्या निकेल, क्रोमियमसारख्या धातूंचे अंशही त्यात सापडले आहेत. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी २०१६ च्या अहवालातच म्हटलं होतं की हा फवारा म्हणजे निरुपद्रवी पाण्याची वाफ नव्हे.

बाजूची एक गोष्टही प्रामाणिकपणे सांगायला हवी. पेटती सिगरेट बोटांत नुसती धरली तरी धूर सोडत राहते, व्हेप तसं करत नाही. खोलीत येतो तो फक्त ओढणाऱ्याने बाहेर सोडलेला फवारा, आणि तो सिगरेटच्या धुरापेक्षा लवकर विरतो. पण डोळ्यांना दिसेनासा झाला म्हणजे खोलीतून गेला असं नाही. त्यातलं निकोटिन चादरीवर, गालिच्यावर, पडद्यावर बसतं. आणि चादर, गालिचा हाच तर तुमच्या कुत्र्यामांजराचा मुक्काम!

‘सिगरेटपेक्षा बरं’ – पण कुणासाठी?

व्हेपच्या बाजूने बोलणारे एक आकडा हमखास सांगतात: सिगरेटपेक्षा ९५ टक्के कमी घातक. हा आकडा इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या २०१५ च्या अहवालातून आला. त्यावर तज्ज्ञांनी बरीच टीका केली आहे, पण वादापुरता तो खरा धरू. तो कुणाबद्दल आहे? सिगरेट ओढणाऱ्या प्रौढ माणसाने सिगरेट सोडून व्हेप धरलं तर काय, याबद्दल.

तुमचं मांजर सिगरेट ओढत नव्हतं. त्यामुळे त्याच्यासाठी तुलना सिगरेटशी होऊच शकत नाही, ती स्वच्छ हवेशी करावी लागेल.

ही तुलना झालेलीही आहे. बार्सिलोनातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये घरांतल्या हवेतलं निकोटिन मोजलं. धूम्रपान करणाऱ्यांच्या घरात ते सरासरी ०.७४ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर होतं, व्हेप ओढणाऱ्यांच्या घरात ०.१३ आणि यातलं काहीच न करणाऱ्यांच्या घरात ०.०२. आता हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचा. सिगरेटच्या घरापेक्षा व्हेपचं घर सुमारे साडेपाच पटीने बरं. पण स्वच्छ घरापेक्षा ते साडेसहा पटीने वाईट! व्हेप ओढणाऱ्यांसोबत राहणाऱ्या माणसांच्या लाळेत आणि लघवीतही निकोटिनचा अंश स्वच्छ घरातल्या माणसांपेक्षा जास्त सापडला. ज्यांनी आयुष्यात व्हेप तोंडाला लावलं नाही, त्यांच्या शरीरात ते पोचलं होतं. त्याच खोलीत, त्याच गादीवर झोपणाऱ्या मांजराला ते चुकवून जाईल असं मानायला काय कारण आहे?

मांजर, कुत्रा, पक्षी: प्रत्येकाची अडचण वेगळी

लहान प्राणी वजनाच्या मानाने आपल्यापेक्षा जास्त हवा आत घेतात. ते जमिनीलगत, कपड्यांवर, गादीवर वावरतात. आणि खोलीतून उठून जायचं की नाही हे बहुतेक वेळा त्यांच्या हातात नसतं, कारण दार तुम्ही लावलेलं असतं.

मांजर दिवसातला बराच वेळ स्वतःला चाटण्यात घालवतं. हवेतून अंगावर जे बसतं ते असं पोटात जातं. सिगरेटच्या बाबतीत याचे परिणाम अभ्यासले गेले आहेत. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या २००२ च्या अभ्यासात धूम्रपान होणाऱ्या घरांतल्या मांजरांना लिम्फोमा हा कर्करोग होण्याचा धोका दुपटीहून जास्त आढळला. शिवाय मांजराच्या रक्ताची एक खास नाजूक बाजू आहे. व्हेपच्या द्रवातलं प्रोपिलिन ग्लायकॉल माणसाच्या आणि कुत्र्याच्या खाण्यात थोड्या प्रमाणात चालतं, पण मांजराच्या तांबड्या पेशींना ते इजा करतं. म्हणूनच १९९६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मांजराच्या खाद्यात ते घालायला बंदी केली. खाद्यातून जाणारं प्रमाण हवेतून जाणाऱ्यापेक्षा कितीतरी मोठं असतं, हे मान्य. पण जो पदार्थ मांजराच्या ताटातून काढून टाकावा लागला, तो तुम्ही रोज त्याच्या अंगावर सोडणार का?

कुत्र्याची गोष्ट नाकाची. लांब नाकाच्या कुत्र्यांच्या नाकात हवेतले कण अडकून बसतात, आणि सिगरेटच्या धुरात राहणाऱ्या अशा कुत्र्यांमध्ये नाकाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला आढळला आहे. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना मुळातच श्वास घ्यायला कष्ट पडतात. त्यांच्या भोवतीच्या हवेत आणखी काही सोडण्याची गरज नाही.

पक्ष्यांचं तर विचारूच नका. त्यांच्या फुप्फुसांची रचना हवेतून जास्तीत जास्त ऑक्सिजन खेचून घेण्यासाठी आहे, त्यामुळे हवेतलं विषही ते तितक्याच वेगाने खेचतात. ब्रिटनच्या कोळसा खाणींत विषारी वायू ओळखायला कॅनरी पक्षी नेत असत, तेही अगदी १९८६ पर्यंत. जास्त तापलेल्या नॉनस्टिक तव्याच्या धुराने पिंजऱ्यातले पक्षी मरतात, हे पशुवैद्यांना चांगलं ठाऊक आहे. लव्हबर्डचा पिंजरा असलेल्या हॉलमध्ये व्हेप ओढणं मला तरी समजत नाही.

‘पण व्हेपने मांजर आजारी पडल्याचा पुरावा कुठे आहे?’

हा प्रश्न मला हमखास येईल, म्हणून आधीच उत्तर देतो. वर सांगितलेले कर्करोगाचे अभ्यास सिगरेटच्या धुराचे आहेत, व्हेपचे नाहीत. पाळीव प्राण्यांवर व्हेपच्या फवाऱ्याचा दीर्घकाळ काय परिणाम होतो, यावर फारसं संशोधन झालेलं नाही. हे मी लपवत नाही. पण अभ्यास न होणं आणि अभ्यास करून निर्दोष ठरणं, यांत फरक आहे. सिगरेटचं नुकसान ठामपणे सिद्ध व्हायला कित्येक दशकं गेली, आणि त्या दशकांत माणसं मरतच होती. व्हेप त्या मानाने कालचं आहे.

नवीन औषध बाजारात आणायचं तर ते सुरक्षित असल्याचं कंपनीला सिद्ध करावं लागतं. इथे मात्र सिद्ध करायची जबाबदारी आपण मांजरावर टाकतो. "तुला त्रास होतोय? मग पुरावा दे." ते बिचारं देणार कसं? ते फार तर शिंकेल, जेवण कमी करेल, कोपऱ्यात बसेल. आणि आपण म्हणू, हवा बदलली असेल.

हवेपेक्षा मोठा धोका: पलंगावर पडलेला पॉड

फवाऱ्याबद्दल वाद घालता येईल, याबद्दल नाही. व्हेपचं द्रव पोटात गेलं तर ते विष आहे. कुत्र्यात वजनाच्या दर किलोमागे १ मिलिग्रॅम निकोटिननेही विषबाधेची लक्षणं दिसू शकतात आणि सुमारे ९ मिलिग्रॅमपासून पुढे ते जिवावर बेतू शकतं. आता हिशोब करा. ५ टक्के निकोटिनच्या २ मिलिलिटर पॉडमध्ये १०० मिलिग्रॅम निकोटिन असतं. ५ किलोच्या पॉमेरेनियनला ४५ मिलिग्रॅम पुरे. म्हणजे एका पॉडमध्ये असे दोन कुत्रे दगावतील एवढं विष आहे. वर त्याला आंब्याचा, स्ट्रॉबेरीचा वास!

लक्षणं साधारण १५ मिनिटं ते तासाभरात दिसतात: लाळ गळणं, उलटी, बेचैनी, थरथर, छातीची धडधड, पुढे झटके आणि गळून पडणं. अशा वेळी घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, त्या मिठानेच वेगळी विषबाधा होते. आम्लपित्ताचं औषधही देऊ नका, कारण पोटातलं आम्ल कमी झालं की निकोटिन अधिक लवकर रक्तात उतरतं. पॉड किंवा बाटली सोबत घ्या आणि थेट पशुवैद्याकडे जा. एक-एक मिनिट मोलाचं असतं.

लपवाछपवीची किंमत

आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगरेटचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात आणि साठवणूक या सगळ्याला बंदी आहे. तरी ती मिळते, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. याचा अर्थ नीट समजून घ्या. युरोपीय संघात द्रवात निकोटिन जास्तीत जास्त किती असावं याला मर्यादा आहे: मिलिलिटरला २० मिलिग्रॅम. चोरून आलेल्या मालाच्या वेष्टनावर काय छापलंय, त्याला इथे कुणी जबाबदार नाही. तुम्ही काय ओढताय हे तुम्हालाच माहीत नसतं, मग मांजराच्या अंगावर काय बसतंय हे कसं कळणार?

दुसरी किंमत जास्त वाईट आहे. मुलगा आईपासून लपवतो. मग मांजराला धाप लागली किंवा कुत्रा थरथरायला लागला, की आई त्याला पशुवैद्याकडे नेते आणि डॉक्टर विचारतात, "घरात कुणी काही ओढतं का?" आई मनापासून सांगते, "छे हो, कुणीच नाही." उपचार तिथेच चुकीच्या वाटेला लागतात. मुलांनो, घरी भांडण होईल ते होऊ दे. पशुवैद्याला खरं सांगा.

मग करायचं काय?

खिडकी उघडून किंवा पंखा लावून भागत नाही. व्हेप घराबाहेर ठेवा. पॉड, बाटल्या, वापरलेली उपकरणं कुलपात ठेवा. चघळलेल्या बॅटरीने तोंड भाजतं, तेही लक्षात असू द्या. ओढून आल्यावर हात धुवा, शर्ट बदला, मग माऊला उचला.

यातलं सगळ्यात सोपं आणि पक्कं उत्तर मात्र सोडून देणं हेच आहे. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, धूम्रपान करणाऱ्या सुमारे २८ टक्के प्राणीपालकांनी सांगितलं होतं की आपल्या धुराने प्राण्याला अपाय होतो हे कळलं तर आपण सोडण्याचा प्रयत्न करू. स्वतःच्या फुप्फुसासाठी जे जमत नाही ते माणूस कधीकधी कुत्र्यासाठी करतो. यात हसण्यासारखं काही नाही. मला कारण कोणतंही चालेल. मदत हवी असेल तर सरकारची तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ मोफत आहे. आणि तुमच्या डॉक्टरांना सांगायला लाजू नका. आम्ही रागावतो, पण मदतही करतो.

त्या मुलाला मी खोकल्याचं औषध लिहून दिलं आणि एकच सांगितलं: "तुला तुझ्या छातीशी काय करायचं ते तू ठरवशील, तू मोठा आहेस. पण त्या खोलीत तू एकटा नसतोस." तो काही बोलला नाही. पुढच्या वेळी येताना खिशातला पॉड माझ्या टेबलावर ठेवून गेला. म्हणाला, "डॉक्टर, फेकून द्या. घरात नको."