'हू' की 'हूम'?

चवथीच्या सुट्टीत मी हळर्णला घरी गेलो होतो. नववीत शिकणारा पुतण्या इंग्रजीची वही घेऊन ओसरीवर आला. 'कोणाला ताप आला आहे?' याचे भाषांतर त्याने 'हूम हॅज फीवर?' असे केले होते. त्यावर तांबडी फुली होती; कारण मात्र लिहिलेले नव्हते. "काका, 'कोण' म्हणजे 'हू' आणि 'कोणाला' म्हणजे 'हूम' असेच शिकवले होते. मग माझे चुकले कोठे?" मला चटकन उत्तर देता आले नाही.

विचारांती वाटले, चूक मुलाची नाही, शिकवलेल्या नियमाची आहे. इंग्रजी वाक्य आपला 'ला' पाहत नाही, कर्ता पाहते. 'तू कोणाला पाहिलेस?' येथे पाहणारा 'तू', म्हणून 'हूम' बरोबर. पण ताप, भूक, आवड यांच्या बाबतीत मराठी माणसाला कर्ता करीतच नाही. ताप त्याला 'येतो'. इंग्रजीत मात्र तोच माणूस कर्ता होतो, म्हणून 'हू'. आमची आजी 'कोणाक ताप?' असे विचारते, तर याच अंकाच्या कन्नड विभागात लिहिणारे मित्र 'यारिगे ज्वर बंदिदे?' असे म्हणतात. तिन्ही घरांतली मुले एकाच ठिकाणी अडखळणार!

गंमत अशी की, 'हूम' हे मुळात चतुर्थीचेच रूप. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'आवडणे' या अर्थाच्या क्रियापदाबरोबर माणूस चतुर्थीतच येई. शेक्सपिअरच्या नाटकांतील 'मीथिंक्स' म्हणजे आपले 'मला वाटते'च. पुढे इंग्रजीतील विभक्ती झिजत गेल्या. भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर यांनी १९२१ साली 'लँग्वेज' या ग्रंथात असे भाकीत केले की, दोनेकशे वर्षांत 'हूम डिड यू सी?' असे कोणीही म्हणणार नाही. आजच बोलताना पुष्कळ सुशिक्षित इंग्रज 'हू डिड यू सी?' म्हणतात. 'टू हूम', 'फॉर हूम' अशा जोडीत मात्र 'हूम' अजून टिकून आहे.

म्हणून प्राध्यापकांना माझी विनंती आहे. 'हू डिड यू सी?' एवढ्यासाठी विद्यार्थ्याचा गुण कापू नये. आणि इंग्रजीच्या तासाला मातृभाषेला वर्गाबाहेर उभे करू नये. तिच्यामुळे चूक होते हे खरे. पण ती का होते, हेही तिच्याच मदतीने समजावता येते.

विद्यार्थी मित्रांसाठी एक सोपी कसोटी: प्रश्नाचे उत्तर इंग्रजीत देऊन पाहा. उत्तरात 'ही' आला तर 'हू', 'हिम' आला तर 'हूम'.

पुतण्याला मी हेच सांगितले. त्याने फुलीखाली 'ही हॅज फीवर' असे लिहून पाहिले, क्षणभर थांबला आणि स्वतःच्या हाताने 'हूम' खोडून 'हू' केला. मग म्हणाला, "एवढेच होते तर मग आधी का नाही सांगितले?"

हा प्रश्न मी आपणा सर्वांपुढे ठेवतो.