दुसऱ्याच्या पेढीवरची हुंडी

नाकाडोंगरीच्या आसमंतातून समुद्रापार प्रथम गेला तो दगड. डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथल्या खाणींच्या या पट्ट्यातले मँगनीज इंग्रजी अमलात आगगाडीने बंदरावर आणि तेथून जहाजाने विलायतेस जात असे. १९६२ साली मॉइल स्थापन होऊन खाणींच्या कारभारात सरकारचा हात आला, तेव्हाही येथली माणसे फार तर नागपूर-भिलाईपर्यंत जात आणि धानाच्या कापणीस परत येत. माणूस समुद्रापार गेला तो गेल्या पंचवीस-तीस वर्षांत, आणि त्याच्या मागोमाग त्याचे आईबाप जाऊ लागले ते तर अगदी परवा-परवा. माझा धाकटा भाऊ आणि भावजय नागपूरहून दोह्यामार्गे अमेरिकेत डॅलसला गेली, तेव्हा चौकातल्या चहाच्या टपरीवर बातमी पसरली ती अशी, की पोराने आईबापांना फुकट नेले. हा 'फुकट' शब्द मला तेव्हापासून सलतो आहे, आणि आजच्या लेखात मी त्या एका शब्दाचीच चौकशी करणार आहे.

घडले ते असे. पुतण्याचे खाते अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीकडे. तिच्या विमानांतून कामानिमित्त केलेला प्रवास आणि तिच्या नावाच्या कार्डावर केलेली वर्षानुवर्षांची खरेदी यांतून त्याच्या नावे मैल साठलेले. ती कंपनी नागपुरास येत नाही, येण्याचा संभवही नाही. पण नागपुरास कतार एअरवेजचे विमान येते, आणि कतार एअरवेज ही २०१३ पासून वनवर्ल्ड नावाच्या त्याच संघात आहे ज्यात अमेरिकन एअरलाइन्स आरंभापासून आहे. तेव्हा त्याने अमेरिकेतल्या आपल्या खात्यातून, त्या वेळच्या दरपत्रकानुसार माणशी ४०,००० मैल वजा करवून घेतले, कर आणि शुल्क म्हणून थोडे रोख पैसे भरले, आणि येथे सोनेगावच्या विमानतळावर कतारच्या विमानाने माझ्या भावाला आणि भावजयीला बसवून घेतले. सौदा एका कंपनीशी, सेवा दुसऱ्या कंपनीची, आणि मधल्या हिशेबाशी प्रवाशाचा काडीचा संबंध नाही.

हे ऐकून माझ्यासारख्या जुन्या माणसास जी गोष्ट आठवली ती हुंडी. तुमसरचा तांदळाचा व्यापारी मुंबईच्या आडत्याचे देणे रोख नाण्यांची पिशवी घेऊन फेडावयास जात नसे; तो येथल्या पेढीवर रक्कम जमा करी, येथला सावकार मुंबईच्या आपल्या व्यवहारातल्या पेढीवर हुंडी लिहून देई, आणि मुंबईचा मुनीम तो कागद पाहून ती सकारी. दोन पेढ्यांनी एकमेकींचा हिशेब पुढे केव्हा आणि कोणत्या हुंडणावळीने मिटवला, याची वास्तपुस्त हुंडीवाल्याने करण्याचे कारण नसे. विमान कंपन्यांचे संघ हे नेमके असेच पेढ्यांचे जाळे आहे. १९९७ साली युनायटेड, लुफ्तान्सा, एअर कॅनडा, थाई आणि स्कँडिनेव्हियन या पाच कंपन्यांनी स्टार अलायन्स काढला, १९९९ साली वनवर्ल्ड आणि २००० साली स्कायटीम निघाला. आपली एअर इंडिया बराच काळ उंबरठ्यावर ताटकळून ११ जुलै २०१४ रोजी स्टार अलायन्समध्ये दाखल झाली. मैलांची कल्पना याहूनही जुनी, कारण अमेरिकन एअरलाइन्सने आपली योजना १ मे १९८१ रोजीच सुरू केली होती. परंतु एकाच कंपनीचे मैल एकाच कंपनीच्या विमानात खर्च होत तोवर ती किराणा दुकानदाराने नेहमीच्या गिऱ्हाइकास दिलेली खडीसाखर होती, आणि ते दुसऱ्याच्या पेढीवर चालू लागले तेव्हा ते चलन झाले. या भेदाकडे आपल्याकडे कोणी पुरेसे लक्ष दिलेले नाही.

(नागपूरकरांना अशा देवाणघेवाणीचे अप्रूप वाटू नये. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास या चार दिशांची विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची आणि उतारूंची अदलाबदल करीत, आणि पहाटेपर्यंत आपापल्या वाटेने परत जात. आज दोहा किंवा फ्रँकफुर्ट जे काम मोठ्या दिमाखाने करते ते आमच्या सोनेगावने त्या काळी निमूटपणे केलेले आहे.)

आता फुकटाचा विचार. कंपन्या या जागेस अवॉर्ड, म्हणजे बक्षीस म्हणतात, आणि बक्षीस म्हटले की घेणाऱ्याची मान आपोआप खाली जाते. परंतु प्रत्यक्षात काय होते पाहा. अमेरिकेतली बँक आपल्या कार्डधारकास द्यावयाचे मैल विमान कंपनीकडून रोख पैशाने विकत घेते; ते पैसे बँक ज्यातून देते त्यातला मोठा वाटा दुकानदाराकडून कापून घेतलेल्या रकमेचा असतो; आणि दुकानदार ती रक्कम मालाच्या किमतीत मिसळून सर्व गिऱ्हाइकांकडून, म्हणजे ज्याच्यापाशी कार्ड नाही अशा रोखीवाल्याकडूनही, वसूल करतो. म्हणजे हा पैसा आधीच कोणीतरी भरलेला आहे. आणि थोडा अप्रिय वाटला तरी सांगितला पाहिजे असा भाग हा, की तो मैल साठवणाऱ्यानेच सगळा भरलेला नाही. हा धंदा किती मोठा आहे याची कल्पना जगास २०२० साली आली. महामारीत विमाने जमिनीवर बसली, तेव्हा युनायटेड एअरलाइन्सने कर्ज काढण्यासाठी आपली मैलांची योजना तारण ठेवली, आणि सावकारांपुढे तिचे मोल कंपनीनेच सुमारे २२ अब्ज डॉलर लावले. त्या सुमारास शेअर बाजार सगळ्या कंपनीची, तिच्या विमानांसह, किंमत याहून कमी धरीत होता. जी वस्तू गहाण ठेवून अब्जावधी उचलता येतात ती वस्तू ग्राहकाच्या हाती पडताच मेहेरबानी कशी ठरते, हा माझा प्रश्न आहे.

कारण मेहेरबानी म्हटले की ती काढून घेता येते, आणि हुंडीची उपमा नेमकी येथे तुटते. हुंडी एकदा लिहिली की तिच्यावरचा आकडा लिहिणाऱ्यालाही बदलता येत नसे. ती हरवली तर पैठ, पैठ हरवली तर परपैठ लिहून देण्याची रीत होती, इतकी त्या कागदाची इभ्रत. मैलांच्या खात्यात मात्र आकडा तसाच राहतो आणि त्याचे मोल रातोरात उतरते. पूर्वी कंपन्या दरपत्रक छापीत, की अमुक खंडातून तमुक खंडात इतके मैल. डेल्टाने २०१५ साली ते काढून टाकले, युनायटेडने २०१९ साली काढले, आणि आता त्यांच्या स्वतःच्या विमानांत त्या दिवशी त्यांच्या यंत्रास जो वाटेल तो दर. मी स्वतः, म्हणजे मुलीच्या साह्याने, एका कंपनीकडे काही हजार पॉइंट जमवून ठेवले होते. त्यात दोघांचे सिंगापूरचे जाणे भागेल असा हिशेब करून आम्ही वर्षभर थांबलो, आणि वर्षाने पाहिले तर त्याच पॉइंटांत एकाचेही जाणे निघेना. विचारणा केली तेव्हा उत्तर आले की शर्तींच्या अमुक कलमान्वये कंपनीस दर बदलण्याचा सर्वाधिकार आहे. कलम खरेच होते. मी खाणीच्या कचेरीत तीस वर्षे कारकुनी केली आहे; एका पक्षाने हवे तेव्हा बदलावे आणि दुसऱ्याने मुकाट मानावे अशा कागदास आम्ही करारनामा म्हणत नसू, फर्मान म्हणत असू.

जेट एअरवेजचे उदाहरण तर याहून बोलके आहे. १७ एप्रिल २०१९ रोजी त्या कंपनीचे शेवटचे विमान उडाले आणि कामगारांचे पगार, प्रवाशांची तिकिटे असे सारे देणे थकले. पण मैलांचे खाते एका वेगळ्या कंपनीच्या नावे असल्यामुळे ते शाबूत राहिले आणि पुढे नव्या नावाने चालूही झाले. जहाज बुडाले आणि वखार तरली! मैल वाचले याचा आनंद झालेल्या माझ्या एका स्नेह्यास मी विचारले, की आता त्यांचे काय घेणार? तो म्हणाला, मिक्सर घेतो.

विदेशी असलेल्या आपल्या मुलांना म्हणून माझे सांगणे असे, की मैल हा नाशवंत माल आहे, तो ठेवीसारखा सांभाळू नये. आणि तो जर खर्चायचाच, तर स्वतःच्या ऐषारामाच्या आसनापेक्षा घरच्या म्हाताऱ्यांच्या एका फेरीवर खर्चावा, कारण नागपूरहून एकदा दोह्यास बदलून थेट मुलाच्या गावी पोचणे आणि मुंबईस रात्र काढून, दिल्लीस धावपळ करून पोचणे यांतले अंतर सत्तरीच्या गुडघ्यांना ठाऊक असते. मात्र यात व्यवहाराचे काही बारकावे आहेत. कोणतीही कंपनी आपल्या विमानातल्या थोड्याच जागा भागीदारांसाठी मोकळ्या करते. चांगल्या जागा ती प्रथम आपल्या सभासदांसाठी राखते, आणि सिंगापूर एअरलाइन्ससारखी कंपनी तर लांब पल्ल्याच्या वरच्या वर्गातल्या जागा भागीदारांच्या दृष्टीस सहसा पडूच देत नाही. म्हणून जागा आधी पाहावी आणि मगच बँकेच्या कार्डावर साठलेले पॉइंट विमान कंपनीकडे वळवावे. एकदा वळवलेले पॉइंट परत येत नाहीत, आणि संगणकावर दिसणारी जागा कधी कधी मृगजळ निघते. तिकीट एका कंपनीने काढलेले आणि विमान दुसरीचे, म्हणून आरक्षणाचे क्रमांकही दोन असतात: चाकाच्या खुर्चीची किंवा बसण्याच्या जागेची विनंती करायची ती विमान उडवणाऱ्या कंपनीस तिच्या क्रमांकाने, आणि तारीख बदलायची ती तिकीट देणाऱ्या कंपनीकडून तिच्या क्रमांकाने. उड्डाण रद्द झाले की दोघीही एकमेकींकडे बोट दाखवतात. तेथे धीर सोडू नये. तिकीट ज्या पेढीने लिहिले तिचाच पिच्छा पुरवावा.

नात्याचाही प्रश्न असतो. बहुतेक कंपन्या खातेदारास कोणाच्याही नावे तिकीट काढू देतात, पण जपानची एएनए पतीपत्नी आणि दुसऱ्या पायरीपर्यंतचे नातलग एवढ्यांनाच मानते. म्हणजे आईबाप, भावंडे, आजीआजोबा, नातवंडे चालतात, आणि काका बाद होतो. पुतण्याने हे मला संकोचाने सांगितले. मी त्यास म्हटले, बाबा, मराठ्यांच्या इतिहासात काका-पुतण्याचे नाते काय निघाले हे त्या जपानी मुनीमास कोणीतरी सांगितलेले दिसते.

परंतु प्रत्येक खातेदाराने चतुर व्हावे हा काही उपाय नव्हे. अमेरिकेच्या परिवहन खात्याने सप्टेंबर २०२४ मध्ये तेथल्या चार मोठ्या कंपन्यांकडून त्यांच्या मैलांच्या योजनांचा जबाब मागवला, आणि त्यात मैलांचे मोल परस्पर उतरवण्याचा मुद्दा होता. आपल्याकडे २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने 'अनुचित करार' ही कल्पना कायद्यात आणली आहे. दरपत्रक न छापता, आगाऊ सूचना न देता दर बदलण्याचा एकतर्फी अधिकार त्या कल्पनेच्या कसोटीस कोणीतरी लावून पाहिला पाहिजे. एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली आहे, विस्तारा तिच्यात नोव्हेंबर २०२४ मध्ये विलीन झाली आहे, इंडिगोनेही स्वतःची पॉइंटांची योजना काढली आहे. म्हणजे आजवर दूरदेशीच्या पुतण्यांपुरता असलेला हा प्रश्न आता तुमसरच्या व्यापाऱ्याच्या आणि भंडाऱ्याच्या प्राध्यापकाच्या खिशात येऊन बसला आहे. माझी मागणी फार मोठी नाही. जुन्या दराने तिकीट काढण्यास सहा महिन्यांची मुदत द्यावी, आणि ती खातेदारास लेखी कळवावी. सहा महिने का, तर एवढा अवधी म्हाताऱ्या माणसास पारपत्र काढून, व्हिसासाठी मुंबईची फेरी मारून, धानाचे आणि गुरांचे मार्गी लावून निघावयास लागतोच. कंपन्या म्हणतील की असे बंधन घातले तर आम्ही योजनाच बंद करू. करणार नाहीत, गहाण ठेवण्याजोगी वस्तू कोणी उकिरड्यावर टाकीत नाही.

भाऊ आणि भावजय सहा महिने राहून परत आली. भावजयीने ते दोन क्रमांक देवघराच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवले होते, ते अजून आहेत. परवा पुतण्याचा फोन आला, की मोठेबाबा, पुढल्या खेपेस तुम्हीही या, पण अमेरिकन एअरलाइन्सकडे जागा ३३१ दिवस आधी खुल्या होतात, तेव्हा नेमकी तारीख आत्ताच सांगा, आणि सणवार पाहून सांगा. मी भिंतीवरचे कालनिर्णय काढून बोटाने दिवस मोजीत गेलो, डिसेंबरच्या पानापर्यंत पोचलो, आणि तेथे थांबावे लागले. पुढल्या वर्षीचे अजून छापून आलेले नाही.