बातमीत सापाचे नाव छापा

मा. संपादक,


पावसाळा सुरू झाला की ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या पानांवर एक ठरलेली बातमी येते. अमुक सोसायटीत ‘विषारी साप’ निघाला, रहिवाशांत घबराट पसरली, सर्पमित्राने जीव धोक्यात घालून त्याला पकडले. सोबत फोटो. तो फोटो नीट पाहिला तर अनेकदा त्यात धामण असते, दिवड असते, नाहीतर हातभर लांबीचा कवड्या. तिन्ही बिनविषारी. बातमीत मात्र सापाचे नाव कुठेच नसते. माझे म्हणणे एवढेच आहे की सापाची बातमी देताना जाणकाराला विचारून त्याची जात छापावी, आणि जात कळली नसेल तर ‘विषारी’ हा शब्द वापरू नये.

एवढ्याशा शब्दाने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. मी टेंभी नाक्याजवळच्या एका जुन्या इमारतीत राहतो. इथे मोकळी जमीन आता उरलेली नाही, पण मासुंदा तलाव हाकेच्या अंतरावर आहे, नाले आहेत, रुळांच्या कडेचे गवत आहे, आणि उंदीर-पाली तर घरोघरी आहेत. गेल्या पावसाळ्यात एका रात्री जिन्यातल्या मीटरच्या पेटीमागून साप निघाला. ‘मण्यार, मण्यार’ अशी ओरड झाली आणि मी खाली पोहोचेपर्यंत त्याचे डोके काठीने ठेचलेले होते. टॉर्चच्या उजेडात पाहिले. अंग चॉकलेटी, डोके चपटे, डोळे टपोरे आणि काळेभोर, मानेवर पिवळट-पांढरा पट्टा. पाठीवरचे आडवे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे जाता जाता पुसट झालेले. तो कवड्या होता. पाली हे त्याचे आवडते खाणे, म्हणून तो माणसांच्या घरात येतो आणि खडबडीत भिंत सहज चढतो. मण्यारीचा रंग निळसर काळा आणि चकचकीत असतो, तिचे पांढरे पट्टे बारीक आणि बहुधा जोडीजोडीने येतात, मानेजवळ ते नसतात किंवा अंधूक असतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. पाठीच्या कण्यावरचे तिचे खवले षटकोनी आणि बाकीच्यांपेक्षा मोठे असतात. मण्यारीच्या पिल्लाचे पट्टे कधी कधी मानेपर्यंतही असतात, त्यामुळे खात्री नसेल तर मण्यारच समजून लांब राहावे. पण लांब राहणे वेगळे आणि ठेचणे वेगळे.

हे मी शेजाऱ्यांना सांगितले तेव्हा एकाने मोबाईल पुढे केला. ‘त्रिकोणी डोके आणि उभी बाहुली म्हणजे विषारी, गोल बाहुली म्हणजे बिनविषारी’ असा संदेश त्यात होता. हा नियम आपला नाही. अमेरिकेत प्रवाळसर्पासारखे अपवाद सोडले तर विषारी साप म्हणजे रॅटलस्नेक आणि त्याचे भाईबंद. तिकडे तो बऱ्यापैकी लागू पडतो. आपल्याकडे तो जिवावर बेतेल. नागाचे डोके त्रिकोणी नसते, मण्यारीचेही नसते, आणि दोघांच्याही बाहुल्या गोल असतात. उलट अजगर आणि डुरक्या घोणस हे दोघे बिनविषारी, आणि त्यांच्या बाहुल्या उभ्या. म्हणजे हा संदेश प्रमाण मानणारा माणूस अजगराला मारेल आणि मण्यारीला हात लावेल. खुद्द अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातही बुलस्नेक नावाचा बिनविषारी साप संकटात सापडला की डोके चपटे करतो, जोराने फुत्कारतो, शेपटी थरथरवतो, आणि रॅटलस्नेक समजून मारला जातो. तिकडच्या बुलस्नेकचे जे होते तेच आपल्या कवड्याचे होते. सापांची ओळख ज्या त्या मुलखाची असते, ती बाहेरून आणता येत नाही.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त वाईट वाटते ते धामणीचे. सहा-सात फुटांची धामण दिवसाढवळ्या कुंपणावरून सरसरत जाते, म्हणून तीच जास्त दिसते आणि तीच जास्त मरते. तिच्याविषयी काय काय बोलले जाते! ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, शेपटीने मारते, ती नागाची मादी असते. यातले एकही खरे नाही. नाग आणि धामण या सर्वस्वी वेगळ्या जाती आहेत आणि दोन्हींत नर-मादी असतात. धामणीचे डोळे मोठे असतात, ओठांच्या खवल्यांवर काळ्या उभ्या रेघा असतात, ती फणा काढत नाही. कोंडीत सापडली तर मान फुगवते, गुरगुरल्यासारखा आवाज करते आणि चावतेही, पण तिला विष नाही. तिचे मुख्य खाणे उंदीर. दर पावसाळ्यात ठाण्या-मुंबईत लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण निघतात, आणि त्या रोगाच्या फैलावात उंदरांचा मोठा हात असतो. मग महापालिका उंदीर मारण्यावर पैसा खर्च करते आणि आपण मात्र जी हे काम फुकट करते तिलाच काठीने मारतो. हा कुठला हिशेब?

दिवडीचीही तीच गत. तलाव, नाले, तुंबलेली गटारे ही तिची जागा आणि मासे-बेडूक हे तिचे खाणे. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, डोळ्याखालून निघालेल्या दोन तिरक्या काळ्या रेघा. ती तापट आहे, पटकन चावते, त्यामुळे बदनाम झाली. मांडुळाचे दुःख वेगळे. शेपटी डोक्यासारखी बोथट असल्याने त्याला दुतोंड्या म्हणतात, आणि गुप्तधनाच्या भाकडकथांपायी त्याची तस्करी होते. ठाणे जिल्ह्यात अशा टोळ्या पकडल्याच्या बातम्या आपण वरचेवर वाचतो.

आता दुसरी बाजू, आणि ती गंभीर आहे. बिनविषारी साप ओळखायला शिका म्हणजे ते उचलायला शिका, असे नाही. घोणस म्हणजे अजगराचे पिल्लू असे समजून तिला हाताळण्याची चूक घातक ठरते. घोणशीच्या पाठीवर साखळीच्या कड्यांसारख्या गडद ठिपक्यांच्या तीन ओळी असतात. अजगराच्या अंगावर वेडेवाकडे मोठे डाग. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते. लांबून एवढे दिसले आणि ऐकू आले तरी पुरे. आणि कुठलाही साप चावला तर तो बिनविषारीच असेल असे घरच्या घरी ठरवू नये. चिरा देऊ नये, आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे जाऊ नये. हालचाल कमी ठेवून थेट रुग्णालय गाठावे. मण्यारीचा दंश झोपेत होतो आणि दुखतही नाही, हे तर प्रत्येकाला ठाऊक हवे.

‘देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे मरतात आणि तुम्हाला सापांचा पुळका?’ असे मला ऐकवले जाते. २००० ते २०१९ या काळाचा हा अंदाज खरा आहे. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातले, आणि २०२४ मध्ये केंद्र सरकारने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्मे करण्याचा आराखडा जाहीर केला. पण बहुतेक मृत्यू खेड्यापाड्यांत, शेतकरी-मजुरांचे होतात, आणि त्यांतले बरेचसे नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांमुळे. आपल्याकडची प्रतिविषाची लसही याच चौघांवर चालते. देशात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत. चौघांची भीती सगळ्यांवर पसरली की सावधगिरी वाढत नाही, गोंधळ वाढतो, आणि त्या गोंधळात माणूस सापाच्या सर्वांत जवळ जातो, तेही काठी घेऊन.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मुळे सापांना मारणे, पाळणे, विकणे गुन्हा आहे. साप दिसला तर त्याच्यावर लांबून नजर ठेवावी आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, एवढे एक वाक्य प्रत्येक बातमीच्या खाली छापता येईल. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी आपल्या शाळांत पावसाळ्यापूर्वी एक तास यासाठी द्यावा. नवरात्रात टेंभी नाक्यावर जी अफाट गर्दी लोटते, तिच्यासाठी सापांच्या चित्रांचा एक फलक लावणेही अवघड नाही.

आपल्याला एक विनंती. यंदा पहिल्या पावसाआधी आपल्या ठाणे-कल्याणच्या पानावर एका चौकटीत धामण, दिवड, कवड्या, मांडूळ, डुरक्या घोणस आणि अजगर यांचे रंगीत फोटो मराठी नावांसह छापा, आणि शेजारी त्या चार विषारी सापांचेही. ते कात्रण आमच्या इमारतीच्या सूचनाफलकावर त्याच दिवशी लागेल. इतर सोसायट्यांतल्या वाचकांनीही तसेच करावे.

— एक वाचक, टेंभी नाका, ठाणे (पश्चिम)