कच्चं मडकं

आपल्यात दारू हराम आहे, म्हणून आपल्यात दारुडे नाहीत, असा एक सोयीचा समज आपल्या मोहल्ल्यांनी करून घेतला आहे. दारुडे आहेत. फक्त त्यांच्या बायका बोलत नाहीत. शेजारणीला 'त्यांना ताप आहे' सांगतात आणि दुकानदाराची उधारी स्वतः फेडतात. हराम हा हुकूम पिणाऱ्यासाठी होता. आपण त्याची शिक्षा घरातल्या बाईला दिली.

कोणी धीर करून बोललीच, तर सल्ले ठरलेले. ताबीज बांधा. पोरगा बिनलग्नाचा असेल तर निकाह लावून द्या, जबाबदारी आली की सुधारेल. म्हणजे एक बुडतो आहे, तर त्याच्या गळ्यात दुसऱ्याची लेक बांधा! तिसरा सल्ला जिवावरचा: न सांगता जेवणात पावडर मिसळा. डायसल्फिराम नावाचे औषध पोटात असताना माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीवही जाऊ शकतो. ते डॉक्टरने, रोग्याला सांगूनच द्यायचे असते. रोज भरपूर पिणाऱ्याला कोंडून एकदम दारू तोडायला लावणेही तसेच. दोन-तीन दिवसांत थरकाप, झटके, भ्रम सुरू होतात. तिथे दवाखानाच हवा.

धर्माच्या नावाने तोंड फिरवणाऱ्यांनी बुखारीतली एक हदीस आठवावी. पिण्यासाठी वारंवार शिक्षा झालेल्या एका माणसाला कोणीतरी लानत दिली, तेव्हा पैगंबरांनी (स.) अडवले. त्याचे अल्लाह-रसूलवर प्रेम आहे, असे सांगितले. शिक्षा माफ नव्हती, पण माणूसही टाकलेला नव्हता. आपण नेमके उलटे करतो.

आणि आम्हा तेरकरांना तर गोरोबाकाकांची गोष्ट घरचीच. थापटणे घेऊन त्यांनी संतांची डोकी तपासली, नामदेव कच्चे निघाले. पण ते मडके कोणी फोडले नाही. नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले आणि पक्के झाले. व्यसनातून उठलेला माणूस रमजानभर नीट राहून ईदनंतर घसरला, की आपण लगेच थापटणे उचलतो: 'बघा, कच्चाच!' घसरणे हा या आजाराचा भाग आहे. पुन्हा उपचाराला न्यायचे, एवढेच त्याचे उत्तर.

डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची मदत त्यामागे होती. तिथला उपचार पस्तीस दिवसांचा. पण मला महत्त्वाचा वाटतो तो 'सहचरी' हा पिणाऱ्यांच्या बायकांचा गट. नवऱ्याची उधारी फेडणे, त्याच्यासाठी खोटे बोलणे म्हणजे त्याच्या दारूलाच टेकू देणे, हे बाई एकटीने शिकत नाही. तिच्यासारख्या चौघी समोर बसल्या की शिकते. आपल्या मोहल्ल्यात अशा चौघी एकत्र बसायला कोणाची परवानगी लागते?

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या अवस्था मानसिक आजारातच मोडतात. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी मोफत क्रमांक आहे. तो मशिदीच्या फलकावर लिहायला किती खडू लागतो?

खरी अडचण पुढेच आहे. हातावर पोट असलेला माणूस पस्तीस दिवस पुण्याला गेला, तर तेरमधली त्याची चूल कशावर पेटणार? जमातीच्या कारभाऱ्यांना विचारले, तर म्हणतील, 'बेवड्याला जकात?' बेवड्याला नाही. गरजू बाईला आणि तिच्या लेकरांना. येत्या रमजानमध्ये हिशेब मांडताना एक घर, पस्तीस दिवसांचा किराणा आणि पुण्याचे जाण्यायेण्याचे भाडे, एवढी रक्कम बाजूला काढा. नाव विचारू नका.