व्यवसायाच्या रकान्यात काय लिहायचे?



भविष्य निर्वाह निधी, वारसदाखला, शिष्यवृत्तीचे अर्ज यांबद्दल या सदरात पुष्कळ लिहून झाले. या खेपेला उल्हासनगरच्या एका माऊलीचे पत्र आले आहे. ते वाचून आधी नवल वाटले आणि मग विचारात पडलो.

त्यांची मुलगी तेवीस वर्षांची आहे. पालिकेच्या तरणतलावात पोहायला शिकली, जीवरक्षकाचे प्रशिक्षण घेतले. कायमची नोकरी मात्र लागली नाही. दोन वर्षांपासून ती आनंदमेळ्यांत आणि मॉलमध्ये ‘जलपरी’ होते. दोन्ही पाय एकत्र करून कमरेपासून माशाची शेपटी चढवायची, काचेच्या टाकीत उतरायचे, श्वास कोंडून पोहायचे, काचेपलीकडच्या लेकरांना हात हलवायचा, वर येऊन दम घ्यायचा की पुन्हा खाली. संध्याकाळी असे चार-पाच खेळ होतात. पैसे रोजावर मिळतात. मेळा उठला की काम संपले. माऊली लिहितात, “दादा, विम्याचा एजंट घरी आला होता. तो म्हणतो, फॉर्मवर व्यवसाय म्हणून ‘घरकाम’ लिहा, हप्ता कमी बसेल. लिहू का?”

ताई, लिहू नका.

विमा हा विश्वासाचा करार आहे. प्रस्तावपत्रात, म्हणजे त्या फॉर्ममध्ये, तुम्ही जे लिहून देता त्यावर कंपनी जोखीम पत्करते. मुलगी घरात काम करते असे लिहून दिले आणि अपघात टाकीत झाला, तर कंपनीचा माणूस पहिला प्रश्न विचारील की बाई टाकीत काय करत होती? तेवढ्या एका प्रश्नावर दावा फेटाळला जातो. एजंटचे कमिशन तोवर खर्चूनही झालेले असते. आयुर्विम्यात १९३८ च्या विमा कायद्याचे ४५ वे कलम आहे. पॉलिसीला तीन वर्षे झाल्यावर कंपनीला असल्या कारणाने हरकत घेता येत नाही. पण हे कलम आयुर्विम्यापुरतेच आहे. अपघात विम्याला त्याचा आधार नाही.

हप्त्याचा हिशेबही समजून घ्या. अपघात विम्यासाठी कंपन्या धंद्यांची धोक्याप्रमाणे प्रतवारी करतात. पहिल्या वर्गात माझ्यासारखे कारकून, हिशेबनीस, वकील, डॉक्टर. दुसऱ्यात बांधकामावरचे, गॅरेजमधले, वाहनचालक. तिसऱ्यात खाणीच्या पोटात उतरणारे, उच्च दाबाच्या विजेवर काम करणारे, स्फोटके हाताळणारे, घोडेस्वार आणि सर्कशीतली माणसे. या याद्या जुन्या आहेत, त्यांत ‘जलपरी’ हा शब्द सापडणार नाही. पण विमा अधिकारी तिला सर्कशीच्या ओळीतच बसवील हे उघड आहे. हप्ता वाढेल, एखादी कंपनी नाहीही म्हणेल. तरी जास्त हप्त्याचा खरा विमा परवडला, कमी हप्त्याचा खोटा नको. म्हणून रकान्यात स्पष्ट लिहा: ‘कलाकार, काचेच्या टाकीत पाण्याखाली पोहण्याचे खेळ, रोजंदारीवर.’

धोका खरोखर आहे की नाही, असे काही वाचकांना वाटेल. आहे, आणि दिसतो त्याहून मोठा आहे. जास्त वेळ खाली राहता यावे म्हणून डुबी मारण्याआधी पोरे भराभर खोल श्वास घेतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि श्वास घेण्याची जी तगमग होते ती उशिरा होते. प्राणवायू मात्र संपतच असतो. मग काही कळायच्या आत शुद्ध हरपते. पट्टीचा पोहणाराही असा कमरेएवढ्या पाण्यात बुडू शकतो. त्यात पाय शेपटीत बांधलेले. कानाचे पडदे दुखावतात, क्लोरीनच्या पाण्यात उघडे डोळे जळतात. टाकीभोवती दिवे आणि पंप असतात, त्यांच्या वायरींकडे कोण बघतो? मुलीला इतकेच सांगा की टाकीच्या काठावर तिच्यावर नजर ठेवणारा पोहता येणारा माणूस नसेल, तर त्या दिवशी खेळ करायचा नाही. रोज बुडाला तरी चालेल.

हा धंदा अमेरिकेत जुना आहे. फ्लोरिडात वीकी वाची नावाचा झरा आहे. तिथे न्यूटन पेरी नावाच्या इसमाने १९४७ साली जलपऱ्यांचे खेळ सुरू केले. पाण्याखाली हवेच्या नळ्या सोडलेल्या असतात. मुली नळी तोंडाशी धरून दम घेतात आणि पुन्हा खेळ करतात. २००८ साली ती जागा सरकारी उद्यान झाली. तिथल्या जलपऱ्या पगारी नोकर, त्यामुळे कामावर इजा झाली तर कामगार-भरपाईचा कायदा पाठीशी आहे. पण त्याच देशात वाढदिवसाला किंवा हॉटेलच्या तलावावर जाऊन सुटे खेळ करणारी जलपरी ‘स्वतंत्र कंत्राटदार’ ठरते आणि तिला तो कायदा सहसा लागू होत नाही. उलट तलावाचा मालकच तिच्याकडे विम्याचा कागद मागतो, कारण तिच्यामुळे एखाद्या पोराला इजा झाली तर नुकसानभरपाई कोण देणार? ब्रिटनमध्ये इक्विटी ही कलाकारांची संघटना १९३० पासून आहे. तिच्या सभासदाला वर्गणीतच असा त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा मिळतो. तिथला कलाकार एकटा विमा कंपनीच्या दारात जात नाही, संघटना जाते. या गोष्टीकडे पुढे येतोच.

आता आपल्याकडे काय करता येईल ते बघू. पहिले काम उद्याच करा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना २०१५ साली सुरू झाली. वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, बँकेच्या खात्यातून आपोआप कापले जातात. अपघाती मृत्यू किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात वा पाय कायमचे गेले तर २ लाख; एक डोळा वा एक हात-पाय गेला तर १ लाख. यात धंद्याप्रमाणे हप्ता बदलत नाही, कारकुनाला २० आणि जलपरीलाही २०. वर्ष १ जून ते ३१ मे असते. मे अखेरीस खात्यात पैसे नसतील तर विमा बंद पडतो. पुष्कळ घरांत तो असाच बंद पडलेला असतो आणि कोणाला पत्ताही नसतो. जोडीला प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा आहे, वर्षाला ४३६ रुपये, वय १८ ते ५०, कोणत्याही कारणाने मृत्यू आला तरी वारसाला २ लाख. मात्र नवीन नाव घातल्यावर पहिल्या तीस दिवसांत फक्त अपघाती मृत्यूच धरला जातो.

पण वीस रुपयांत किती येणार? मनगट मोडले, कानाचा पडदा फाटला, दीड महिना काम बुडाले, तर या योजनेतून छदाम मिळत नाही. त्यासाठी वेगळी अपघात पॉलिसी घ्यावी लागते. ‘सरल सुरक्षा विमा’ नावाची एकाच नमुन्याची पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांनी १ एप्रिल २०२१ पासून द्यावी असे विमा नियामकाने ठरवून दिले. विमा रक्कम अडीच लाखांपासून. काम बुडाल्याची साप्ताहिक भरपाई आणि दवाखान्याचा खर्च यांत जादा हप्ता भरून जोडता येतो. तुमच्या मुलीसाठी हे जोडणेच महत्त्वाचे आहे, कारण तिच्या धंद्यात मरणापेक्षा पडून राहण्याचा प्रसंग अधिक. आरोग्य विमा घेताना एक कलम डोळ्यांत तेल घालून वाचा. साहसी खेळांत धंदा म्हणून भाग घेताना झालेल्या इजेचा खर्च मिळणार नाही, असे त्यात असते आणि यादीत स्कूबा डायव्हिंगचे नाव असते. काचेच्या टाकीतली जलपरी त्यात मोडते का? एजंटच्या तोंडी ‘नाही हो’वर जाऊ नका. कंपनीला पत्र लिहा, उत्तर लेखी घ्या आणि पॉलिसीला टाचून ठेवा. हप्ता एजंटच्या हातात रोख देऊ नका. हप्ता कंपनीकडे पोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, असा कायदाच आहे.

मेळा भरवणाऱ्याला सोडून सगळा भार मुलीवर टाकणे मला पटत नाही. टाकी त्याची, तिकिटे त्याची, वेळ त्याने ठरवलेली. कामगाराला कामावर इजा झाल्यास मालकाने भरपाई द्यावी हा कायदा १९२३ पासून आहे. आता तो २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. मालक हमखास म्हणेल, ती माझी नोकर नाही, सुटी कलाकार आहे. पण नोकर कोण हे मालकाच्या म्हणण्यावर ठरत नाही. कामावर हुकूम आणि देखरेख कोणाची होती, साधने कोणाची, हे बघितले जाते. त्यासाठी पुरावा लागतो. म्हणून दोन ओळींचे का होईना पत्र घ्या: कोणत्या तारखा, किती खेळ, किती रोज, अपघात झाल्यास दवाखान्याचा खर्च कोणाचा. पत्र देत नसेल तर ठरलेल्या गोष्टी मोबाईलवर त्याला लिहून पाठवा आणि तो संदेश पुसू नका. पैसे शक्यतो खात्यात घ्या. काच फुटून प्रेक्षकांना इजा झाली तर त्याचा विमा त्याने काढलेला आहे का, हेही विचारा. विचारल्याने काम जाईल ही भीती खरी आहे, मी ती खोटी म्हणणार नाही. म्हणूनच एकट्या मुलीने विचारण्यापेक्षा त्या मेळ्यातल्या साऱ्यांनी मिळून विचारावे. मौत का कुआँमध्ये मोटारसायकल फिरवणारा आणि पाळणा चालवणारा यांचा प्रश्न काही वेगळा नाही.

आपल्या वस्तीतले कलाकार तरी काय वेगळे आहेत? भीमजयंतीच्या महिन्यात आपल्या गायन पार्ट्या रात्री-बेरात्री टेम्पोतून गावोगाव फिरतात. ढोलकीवाला, बेंजोवाला, कोरसच्या मुली, स्पीकर लावणारा पोरगा. पहाटे परतताना ड्रायव्हरला डुलकी लागते. बाबासाहेबांचा विचार ज्यांच्या जलशांनी खेड्यापाड्यांत नेला, त्यांच्या आजच्या वारसांपैकी कितीजणांचा विमा आहे? समितीचे कार्यकर्ते मंडपाचा हिशेब चोख ठेवतात, कलाकारांच्या विम्याचा रकाना त्यात मी अजून पाहिलेला नाही. गायक-वादकांचे नोंदणीकृत मंडळ असेल तर त्याला गट अपघात विमा घेता येतो. नियम एवढाच की मंडळ केवळ विम्यासाठी काढलेले नसावे, त्याचे खरे काम दुसरे असावे. आपल्या मंडळांना तर कामाची वाण नाही.

बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात विमा हा सरकारचाच एकाधिकार असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मिळकतीच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा करावा, अशी मागणी केली होती. १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. सक्तीचा भाग मात्र कागदावरच राहिला. तो अमलात आला असता तर आज कोणा माऊलीला एजंटच्या सल्ल्याने लेकीचा धंदा लपवावा लागला नसता.

पत्रात त्यांनी आणखी एक वाक्य लिहिले आहे. नातेवाईक कुजबुजतात, म्हणून त्या स्वतःही कोणाला मुलीचे काम सांगत नाहीत. ताई, ज्या समाजाला १९२७ साली महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी मोर्चा न्यावा लागला, त्या समाजाची मुलगी पाण्यात उतरून घर चालवते. कुजबुजणाऱ्यांनी एक मिनिट श्वास कोंडून दाखवावा.

अपघात झालाच तर काय करायचे तेही टिपून ठेवा. बुडण्याच्या घटनेत पोलिसांत नोंद झालीच पाहिजे, त्याशिवाय सुरक्षा विम्याचा दावा पुढे सरकत नाही. दावा अर्ज बँकेत ३० दिवसांच्या आत द्यायचा. दवाखान्याचे कागद जपून ठेवा. कंपनीने दावा नाकारला तर कारण लेखी मागा, आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा आणि तिथे न्याय मिळाला नाही तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईला आणि पुण्याला त्यांची कचेरी आहे. फी लागत नाही, वकील लागत नाही.

नामनिर्देशनाबद्दल विचारले आहे. मुलगी अविवाहित आहे, तेव्हा तिने आईचे नाव घालावे. पूर्ण नाव आधारकार्डावर जसे आहे तसेच लिहावे, ‘आई’ एवढेच लिहून सोडू नये. लग्नानंतर नाव बदलायचे की नाही हे तिचे तिने ठरवावे. पॉलिसीची एक झेरॉक्स टाकीच्या काठावर बसणाऱ्या माणसाजवळही असू द्या.