संमतीवाचून अंमल

मोबाइलवरील एखादा फोटो पुसू जाता ‘हा फोटो कायमचा काढून टाकायचा का?’ अशी जी पृच्छा पडद्यावर उमटते, तिचे उत्तर आपण देईपर्यंत यंत्राचे सारे काम खोळंबलेले असते, असा बहुतेकांचा समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. अँड्रॉइडमध्ये पडदा रंगविण्याचे आणि बोटाचा स्पर्श टिपण्याचे काम एकाच मुख्य थ्रेडकडे (कामाच्या धाग्याकडे) असते, आणि स्पर्शाची दखल 5 सेकंदांत घेतली न गेल्यास ‘अ‍ॅप प्रतिसाद देत नाही’ असा इशारा प्रणालीच देते. म्हणून पृच्छा दाखविण्याची आज्ञा उत्तरासाठी न थांबता तत्काळ परतते व पुढची ओळ चालू होते. ब्राउझरमधील जुनी ‘कन्फर्म’ ही आज्ञा मात्र उत्तर येईतो पुढे सरकत नाही, आणि त्या सवयीने जो प्रोग्रामर फोटो पुसण्याची आज्ञा पुढच्याच ओळीत लिहितो, त्याच्या अ‍ॅपमध्ये आपण ‘नाही’वर बोट ठेवण्यापूर्वीच फोटो नाहीसा झालेला असतो.

यावरील उपाय म्हणजे कॉलबॅक. मंजुरीसाठी वर गेलेल्या कागदाला हुकमाचा मसुदा जोडून कारकून इतर दप्तर पाहू लागतो आणि सही होऊन आल्यावरच तामील करतो, तद्वत पुसण्याचे कार्य पृच्छेच्याच स्वाधीन करावयाचे असते.

परंतु खरा घात होतो तो मौनाच्या ठिकाणी. वापरणारा कोणतेही बटण न दाबता मागे फिरला, तर त्याचा अर्थ काय घ्यावा? कॉर्डोव्हा या अ‍ॅप बनविण्याच्या साधनाच्या पृच्छेत पहिल्या बटणाचा क्रमांक 1, दुसऱ्याचा 2, आणि बटणाविना पृच्छा बंद झाल्यास 0 हाती येतो. अशा वेळी ‘होय’ पहिले व ‘नाही’ दुसरे ठेवून ‘2 नसेल तर पुसा’ अशी अट ज्याने घातली, त्याने मौनालाच संमती मानले, आणि हा प्रमाद मला अक्षम्य वाटतो. फ्लटर या अशाच दुसऱ्या साधनात उत्तराची वाट पाहणाऱ्या ‘अवेट’मुळे लेखन सरळ झाले आहे खरे, तरी तेथेही पृच्छेबाहेर स्पर्श झाल्यास ‘नल’, म्हणजे रिकामे मूल्यच, हाती येते, आणि त्याचा अर्थ नकारच घेतला पाहिजे.

अ‍ॅप लिहिणाऱ्या तरुण मित्रांना माझी विनंती आहे की, आपली प्रत्येक पृच्छा उत्तर न देता एकदा स्वतः बंद करून पाहावी, आणि फोटो जागच्या जागी असल्याची खात्री झाल्यावाचून ते अ‍ॅप लोकांच्या हाती देऊ नये.